दादाच्या गळ्यावरच्या पुळ्या

४ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

फोन दोनदा केला होता. पहिल्यांदा तुम्ही "कोण?" म्हणालात, मी "तुमच्या दादाची मुलगी" म्हणाले, आणि खट्. दुसऱ्यांदा "कोण?"सुद्धा नाही, नुसतंच खट्. पत्र असं ठेवून देता येत नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. म्हणून पत्र.

बाबांना डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डावा हात चालतो. त्या हाताचं बोट ते चादरीवर आपटतात. एकदा आपटलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि आपटतच राहिले म्हणजे मी मूर्ख आहे. सध्या घरीच आहेत. मी रजेवर आहे, आणि एक नर्सबाई दिवसाआड येऊन जातात.

विचारायचं आहे ते दाढीबद्दल. बाबांची दाढी मी करते, त्यांच्याच सेफ्टी रेझरने. कापत नाही, रक्त येत नाही. पण दोन-तीन दिवसांत गालावर आणि गळ्यावर लाल पुळ्या उठतात, काहींत पू धरतो. पुढच्या खेपेला त्या वाचवत दाढी करावी तर बाजूला नव्या. गळा बघवत नाही. बाबा काही म्हणत नाहीत, म्हणजे बोट आपटत नाहीत. नुसते डोळे मिटून घेतात.

तुम्ही चाळीस वर्षं लोकांच्या हनुवट्या सांभाळताय. पुळ्या येऊ नयेत म्हणून काय करायचं, एवढंच सांगा. तुमचं आणि बाबांचं काय आहे ते मी विचारत नाही. आईने ते कधी सांगितलं नाही आणि बाबा आता सांगू शकत नाहीत.

तुमची पुतणी,
चिमी

*

९ फेब्रुवारी

चि. चिमीस आशीर्वाद.

फोन मी ठेवला नाही, पडला. दोनदा पडला. जुना आहे.

दादाचं वाचून वाईट वाटलं. त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना, त्यात दोन दिवस गेले. त्यापेक्षा दाढीचं लिहितो, ते मला येतं.

रेझर दादाचा आहे म्हणतेस, म्हणजे त्यातलं ब्लेडही दादाचंच असणार. ते किती महिन्यांचं आहे हे त्याला विचारू नकोस, तो आपटत बसेल. आधी फेकून दे. बोथट ब्लेड केस कापत नाही, ओढून तोडतं. नवं घाल आणि दोन-तीन दाढ्यांनंतर तेही बदल.

पुळी म्हणजे मुळात चिडलेला केस. कातडी ताणून, दाबून, उलट्या दिशेने तू त्याला पार खालून छाटलंस की कातडी सोडल्यावर तो आत जातो. मग वाढताना त्याला बाहेरचं दार सापडत नाही. तो वाकतो आणि आतच घुसतो. आमच्या घराण्यातले केस तर कुरळे, आधीच वाकड्या वळणाचे. तेव्हा गुळगुळीतपणाचा हव्यास सोड. हात फिरवल्यावर थोडं खरखरलं पाहिजे. जगात सगळ्यात जास्त पुळ्या "अजून एक हात मारा" म्हणणाऱ्यांनाच येतात.

आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा पाच मिनिटं गालावर ठेव. मग ब्रशने फेस कर आणि तो गोल गोल फिरव, म्हणजे पडलेले केस उठून बसतात. रेझर दाबायचा नाही. त्याला स्वतःचं वजन आहे, तुझ्या वजनाची गरज नाही. आखूड हात, दर दोन हातांनी ब्लेड धुवायचं, आणि एका जागी दुसऱ्यांदा जायचं नाही. शेवटी गार पाणी. आहेत त्या पुळ्या नखाने उकरू नकोस.

आता मी एक विचारतो. पडून असलेल्या माणसाला एवढं गुळगुळीत कुणासाठी करायचं? ऑफिस नाही, साहेब नाही. वाढू दे की. दाढी राखलेल्याला पुळ्या येत नाहीत.

तुझा काका

*

१४ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

तुमचा फोन पडतो तसं तुमचं शेवटचं वाक्यही चुकून पडलं असं समजते.

बाबांना गिळता येत नाही. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली आहे, त्यातून पातळ अन्न देतो. ती नळी गालावर चिकटपट्टीने धरून ठेवलेली असते. दाढी वाढली की पट्टी चिकटत नाही. दाढी केली की पुळ्या येतात, आणि पुळ्यांवरची पट्टी काढताना कातडी निघते. दोन्ही गाल आलटून पालटून वापरले, आता दोन्ही गेले. नळी दोनदा निसटली आहे. परत घालताना बाबा जो आवाज करतात तो तुम्ही ऐकला असतात तर "कुणासाठी" असं विचारलं नसतंत.

ब्लेड बदललं. पंचा, फेस, हलका हात, सगळं केलं. निम्म्या पुळ्या कमी झाल्या. उरलेल्या जबड्याखाली आणि गालाच्या खालच्या भागात आहेत. "उलट्या दिशेने नको" म्हणालात, पण तिथे सुलट कुठली ते मला कळत नाही. बोट फिरवलं तर दोन बाजूंना दोन तऱ्हा लागतात.

म्हणून तीन दिवस दाढी वाढू दिली आणि सोबत नकाशा काढून पाठवते आहे. सर्व्हेच्या ऑफिसात बाबांच्याच हाताखाली शिकले आहे, तेव्हा कागदाला नावं ठेवू नका. प्रत्येक बाण म्हणजे केसांची दिशा. बाणांवर बाबांनी स्वतः बोट ठेवून तपासलं. एकच बाण चुकला होता, त्यासाठी बराच वेळ आपटलं.

चिमी

*

१९ फेब्रुवारी

चि. चिमीस आशीर्वाद.

नळीचं मला माहीत नव्हतं. ते वाक्य परत घेतो.

तुझा नकाशा दुकानात आरशाच्या कडेला लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, कुठल्या बेटाचा? म्हटलं, त्या बेटावर आमची बोट लागत नाही.

एका बाजूला केस जबड्यावरून सरळ खाली येतात, तिथे वरून खाली जा. दुसऱ्या बाजूला ते आडवे होऊन कानाकडे पळतात. ती दादाची डावी बाजू. तिथे हनुवटीकडून कानाच्या दिशेने आडवा हात मार, वरून खाली नको. उजवीकडे सरळ खाली. पुळ्या असतील तिथून आठवडाभर रेझर फिरवूच नकोस, पट्टी थोडी वर सरकव.

मला आठवत होतं ते उलट होतं, पळणारे केस उजवीकडे. पण दादाने तपासलेला कागद म्हटल्यावर मी काय बोलणार? लहानपणापासून आमच्या घरी दादाचा कागद खरा आणि माझी जीभ खोटी.

तुझा काका

*

२६ फेब्रुवारी

ती. काकांना,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बाबांच्या डाव्या बाजूला कानाकडे आडवा हात, उजव्या बाजूला सरळ खाली. मला शंका आली होती, पण म्हटलं चाळीस वर्षांच्या हाताला आपण काय विचारायचं. दोन्ही बाजूंनी इतक्या पुळ्या उठल्या की नर्सबाई म्हणाल्या, "काय हो, रेझर फिरवलात की किसणी?" काल त्यातल्या दोन फुटल्या, पट्टी ओली होऊन सुटली आणि नळी तिसऱ्यांदा निघाली.

नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. आणखी एकदा निघाली तर इस्पितळात हलवावं लागेल, आणि तिथे रोग्याने नळी उपटू नये म्हणून हात पलंगाला बांधून ठेवतात. बाबांचा एकच हात चालतो, काका. तो बांधला की त्यांचं हो आणि नाही दोन्ही बांधलं.

पत्रातून दाढी होत नाही. तुम्ही या. एकदा या, तुमच्या हाताने करून दाखवा, मी बघून शिकते. बाबांना विचारलं, "काकांना बोलावू?" त्यांनी बोट उचललं आणि तसंच वर धरून ठेवलं. होही नाही, नाहीही नाही. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

तुमचं भांडण असेल ते असो. जो माणूस बोलूच शकत नाही त्याच्याशी अबोला धरून तुम्हाला काय मिळतं?

चिमी

*

५ मार्च

चि. चिमीस आशीर्वाद.

चूक माझी आहे. तुझा नकाशा बरोबर आहे आणि माझी आठवणही बरोबर आहे.

मी चाळीस वर्षं खुर्चीच्या मागे उभा राहून आरशात बघत आलो. आरशात गिऱ्हाइकाचा डावा गाल डावीकडेच दिसतो. तुझा कागद मी आरशासारखा वाचला. तू मात्र खिडकीखाली स्टूल टाकून दादाच्या समोर बसतेस, तो भिंतीकडच्या अंगाला, आणि समोरून दिसला तसा तू काढलास. म्हणजे कागदावरची डावी बाजू ही दादाची उजवी. मी दोन्ही बाजूंना नेमका उलटा हात मारायला सांगितला. हे पोरसवदा कारागिरालाही कळलं असतं.

तेव्हा सगळं फिरव. दादाच्या उजव्या बाजूला कानाकडे आडवा हात, डाव्या बाजूला सरळ खाली. आणि त्या निळ्या मगात पाणी लवकर निवतं, पितळी भांडं घे. आठ दिवस कळ काढ, गाल बसेल, पट्टी धरेल.

येण्याचं म्हणशील तर मी येत नाही. भांडण काय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, म्हणजे परत बोलावणार नाहीस.

दादाच्या लग्नाच्या सकाळी त्याची दाढी मी केली. एकोणीस वर्षांचा होतो. जीव ओतून केली, उलटा हातसुद्धा मारला, लोण्यासारखा गाल. तुझ्या आईकडचे कुणी मोठे गृहस्थ तिथे बसले होते. त्यांनी विचारलं, "हा मुलगा कोण?" दादाला नुकतीच सर्व्हेत नोकरी लागलेली. घरच्या दुकानाचा वास अंगाला लागू नये म्हणून तो तेव्हा दिवसातून दोनदा आंघोळ करायचा. दादा म्हणाला, "हा आमच्याकडे दाढी करायला येतो."

बस. एवढंच. मी ब्रश धुतला, पेटी उचलली आणि निघालो. बिनपाण्याची केली माझी त्या दिवशी. चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून तो आपली आपण करतो, बोथट ब्लेडने, गार पाण्याने, आणि जन्मभर गळा किसून घेतला. गावातला एकही कारागीर त्याने तोंडाला लावून घेतला नाही. मला ते कळत होतं आणि बरंही वाटत होतं, हे लपवत नाही.

मी आलो तर त्याला ते नको असेल. हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते विचारू नकोस.

तुझा काका

*

१५ मार्च

ती. काकांना नमस्कार.

गाल बसला! गेल्या दोन दाढ्यांत एकही नवी पुळी नाही. जुन्यांचे नुसते काळे डाग राहिलेत. पट्टी घट्ट, नळी जागच्या जागी. नर्सबाई म्हणाल्या, "कुठल्या डॉक्टरला दाखवलंत?" मी म्हटलं, "घरचेच आहेत." बाबांनी बोट एकदा आपटलं. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

लग्नाच्या सकाळचं वाचलं. बाबांना वाचून दाखवलं नाही. दाखवायचं धाडस होईल असं वाटत नाही.

बाकीचं मात्र फार चांगलं नाही. छातीत कफ भरतो आहे. डॉक्टर "बघू" म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. झोप वाढली आहे. जागे असतात तेव्हा दाराकडे बघत असतात, या महिन्याच्या सुरुवातीपासूनच. वारा येतो म्हणून मी दार लोटायला गेले की दोनदा बोट.

दाढीला मात्र आता माझी काही मेहनत नाही. पूर्वी मान धरून वळवावी लागायची. आता दाढीची पेटी हातात दिसली की थोडा वेळ बघतात आणि स्वतःहून तोंड भिंतीकडे फिरवतात. उजवा गाल, तो अवघड, कानाकडे पळणाऱ्या केसांचा, तो आधी पुढे करतात. नर्सबाई काहीही घेऊन आल्या तर जबडा आवळून छताकडे बघत राहतात, मान तसूभर हलवत नाहीत. मान देतात ती फक्त दाढी करायला आलेल्या माणसाला. तेवढं एकच काम आता ते स्वतः करू शकतात, म्हणून मीही सावकाश थांबते.

एक विचारायचं राहिलं. स्टूल खिडकीखाली असतं आणि मग निळा आहे, हे तुम्हाला कसं कळलं? मी तर लिहिलं नव्हतं.

चिमी

*

२० मार्च

चिमे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. गिऱ्हाईक अर्धं टाकून वाचलं, मग ते गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे दिलं.

मी आलो होतो. २ तारखेला. तुझं "या" वाचून निघालो. दार नुसतं लोटलेलं होतं. तू स्वयंपाकघरात पाणी तापवत होतीस, भांड्याचा आवाज येत होता. मी खोलीच्या दारात उभा राहिलो, पेटी हातात. स्टूल, निळा मग, दुमडलेला पंचा, सगळं मांडून ठेवलेलं. दादा जागा होता. त्याने मला पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. "दादा" म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी समजलो, चौतीस वर्षांनीही हा आपलं तोंड बघायला तयार नाही. तसाच जिना उतरलो. गाडीत बसून तुझ्या नकाशाची चूक तेवढी सुटली.

आता तू लिहितेस की तो मान देतो. फक्त दाढी करायला आलेल्या माणसाला.

चाळीस वर्षं माझ्यासमोर माणसं माना वळवतायत. दिवसाला वीस-पंचवीस. कुणी झोपेत वळवतो, कुणी पेपर वाचता वाचता. एकदाही मला वाटलं नाही की हा माझ्यावर रुसला. दादाचीच तेवढी मला वाचता आली नाही.

उद्या पहाटेच्या गाडीने निघतो. हे पत्र माझ्यानंतर पोचेल, तरी टाकतो. तोंडावर हे सगळं मला बोलता येणार नाही. दादाला सांग, तो आलाय म्हणावं, दाढी करायला.

तुझा काका

*

२४ मार्च

चि. चिमीस आशीर्वाद.

परवा रात्री घरी पोचलो. तू राहा म्हणत होतीस. तुझ्या घरात मला बसायला जागा होती, पण कुठे बघायचं ते कळत नव्हतं. रागावू नकोस. माझं मागचं पत्र एव्हाना आलं असेल. वाच, किंवा नको वाचू.

सव्वासातला गेला म्हणालीस. माझी गाडी अकराला लागली. शेवटी दाराकडे बघत होता का, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तसंच राहू दे.

तुझ्याकडची माणसं म्हणाली, आता दाढी कशाला, चेहरा तर स्वच्छ आहे. तू म्हणालीस, "करू द्या त्यांना." ते तुझे उपकार.

पाणी तू गरम आणलंस. गार चाललं असतं, आता त्याला काय कळणार, पण तू गरमच आणलंस. नळी काढल्यावर गालावर पट्टीचा चौकोन उरला होता. पंचा ठेवला, पाच मिनिटं मोजली. फेस केला. त्याची एकेक भुवई आता माझ्याइतकीच पांढरी झालीय हे मला तेव्हा दिसलं. चिमे, तू फार चांगली दाढी करतेस. गळा साफ होता. चौतीस वर्षांत त्याचा गळा कुणी असा ठेवला नसेल, त्याने स्वतःही नाही.

डावी बाजू झाली, सरळ खाली. मग मी म्हणालो, "दादा, मान." सवय आहे, दिवसाला पन्नास वेळा म्हणतो. म्हणालो आणि थांबलो. रेझर हातात धरून थांबलोच. तुला वाटलं असेल मी रडतोय. रडत नव्हतो. गिऱ्हाईक मान देईपर्यंत आपण हात लावायचा नाही, हे माझ्या हाताला पक्कं माहीत आहे. तो हात मन लावून वाट बघत होता. शेवटी तूच पुढे आलीस आणि दोन्ही हातांनी मान वळवलीस. बाहेर तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, "ते कोण?" तू काय उत्तर दिलंस ते मला नीट ऐकू आलं. मी उजवा गाल केला. हनुवटीकडून कानाकडे, आडवा, एकदाच.

आता एक धंद्यातली गोष्ट लिहितो. ती तुला आधी सांगायची राहून गेली. दाढी झाल्या झाल्या सगळ्यांचीच छान दिसते, आरशात बघून सगळेच खूश होऊन जातात. ती खरी कशी झाली ते त्या दिवशी कळत नाही. पुळी यायची असेल तर ती तिसऱ्या दिवशी वर येते. म्हणून नवं गिऱ्हाईक असलं की तिसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दारात उभा राहतो आणि ते समोरून जाताना हाक मारून गळा दाखवायला लावतो. लोक हसतात. पण त्याशिवाय आपला हात कसा पडला ते आपल्याला कळत नाही.

दादाची दाढी केली त्याला आज तिसरा दिवस. सकाळपासून दारात उभा आहे.

तुझा काका